निळ्या पाटीखालचे बूट

माझ्या उमेदीची चांगली वर्षं मी शेपटी म्हणून काढली.

गैरसमज नको. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. पण आमच्या भागातल्या जिभेवर 'सेफ्टी' हा शब्द टिकत नाही. तो ओठांवरून सुटतानाच घसरतो आणि 'शेपटी' होऊन खाली पडतो. "आली का शेपटी?" असं गेटवर विचारलं जायचं, आणि मी इंदापूरहून मोटारसायकल हाकत, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं वाट काढत, हेल्मेटसकट तिथं हजर व्हायचो. सुरुवातीला चिडलो. एकदोघांना बाजूला घेऊन शिकवलंसुद्धा, "से-फ्टी. म्हणा, से-फ्टी." ते मोठ्या भक्तिभावानं म्हणाले, "शेप-टी." मग नाद सोडला. नाहीतरी माझं काम शेपटीचंच होतं. सगळं अंग पुढं पळायचं आणि मी मागं राहून माशा वारायच्या.

आता पन्नाशी उलटल्यावर मी कारखान्या-कारखान्यांतून सुरक्षिततेवर व्याख्यानं देत हिंडतो. परवा त्याच डेअरीनं बोलावलं. ओळखूच येईना. चकचकीत दारं, आपोआप उघडणारी. दारावर ओळीनं निळ्या गोल पाट्या, आरशासारख्या. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात मोबाईलनं टिपायचा तो काळा-पांढरा चौकोन. मी बघत उभा होतो, तेवढ्यात मशीन हॉलच्या दाराशी एका परप्रांतीय पोरसवद्या गड्यानं दुसऱ्याला हटकलं, "ए, नाल मारली का?"

दुसऱ्यानं पाय वर करून बूट दाखवला आणि दोघं आत निघाले.

मी पहिल्याला गाठला. "नाल मारली का म्हणजे काय रे?"

"जूता पहना क्या, सर. इधर ऐसाइच बोलते."

"क्यों बोलते?"

"मालूम नहीं, सर. मराठी है."

मराठी है! मला इतकं हसू फुटलं की माझ्या व्याख्यानाची व्यवस्था बघणाऱ्या मॅडम पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या. त्यांना काय सांगणार? ती मराठी जन्मली तेव्हा मी तिथं होतो. सुईणीचं काम माझ्याकडंच होतं म्हणा ना.

तेव्हा डेअरी लहान होती. दूध यायचं, तापायचं, त्यातली साय एका मोठ्या यंत्रात वेगळी व्हायची. ते यंत्र गरगर फिरून दूध एकीकडं आणि साय एकीकडं काढायचं, आणि ते चालवायचे तात्या. कऱ्हाटीचे. कपाळाला बुक्का, मिशा पांढऱ्या, आणि पाय अनवाणी. यंत्राला ते आई म्हणायचे. मंगळवारी, शुक्रवारी आईला हळदकुंकू. एकदा त्यांनी विजेच्या पॅनेलमध्ये जास्वंद खोचलं होतं, तेव्हा मी बोंबललो. मग आमच्यात तह झाला: फूल खालच्या चौथऱ्यावर, पॅनेल माझं.

अशात बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं डेअरी बघून गेली आणि जाताना सांगून गेली की पाट्या हव्यात. आमच्या मॅनेजरसाहेबांनी पुण्याहून पाट्या मागवल्या. माणूस पुण्याचा, सज्जन, टापटिपीचा. पाट्या नुसत्या चित्रांच्या होत्या, अक्षर एक नाही. साहेबांनी सगळ्यांना जमवून पाटी हातात उंच धरली.

"लाल गोल म्हणजे मनाई. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. आणि हा निळा गोल म्हणजे आज्ञा! आत जे चित्र असेल, ते करायचंच. चित्राला भाषा लागत नाही."

मागनं कुणीतरी विचारलं, "ह्याला तोंड का न्हाय वो?" आवाज लागू नये म्हणून कानाला बोंडं लावलेल्या माणसाची ती पाटी होती. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही.

दुसरा म्हणाला, "कामगार हाय त्यो. तोंड दिलं आसतं तर बोलला आसता."

त्याच दिवशी बुटांचं वाटप झालं. काळेभोर, जड, पुढच्या बाजूला आतून लोखंडी वाटी. बूट बघून मंडळी हरखली. इतके चांगले बूट डेअरीत घालायचे, ही कल्पनाच कुणाला पटेना. कुणी लग्नासाठी काढून ठेवायचे म्हणत होता, कुणी जावयाच्या मापाचे मागत होता. मी स्टुलावर चढून मशीन हॉलच्या दाराशेजारी बुटाची निळी पाटी ठोकली. तात्यांनी खाली नारळ फोडला. आमच्याकडं नारळ न फोडता खिळासुद्धा भिंतीत जात नाही. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून, आपण आज बारामती तालुक्याला शहाणं केलं, अशा थाटात घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तो काय! निळ्या पाटीखाली बूट. एक नाही, दोन नाही, सगळ्या पाळीचे. भिंतीला टाचा लावून, ओळीत, इतके नीट की शाळेच्या कवायतीत पोरंही तशी उभी राहत नाहीत. मोजे गुंडाळून आत कोंबलेले. आणि मशीन हॉलमध्ये झाडून सगळे अनवाणी, ओल्या फरशीवर फचक फचक फिरताहेत. काल निम्मे तरी चपला घालून फिरत होते, त्यांनीसुद्धा त्या काढल्या होत्या!

"हा काय प्रकार?" मी ओरडलो.

ओळीशेजारी एक गडी राखणीला बसवला होता. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच तर पाटी लावली."

"कसली?"

"बूट हितं ठेवायचे म्हनून."

मी पाटीकडं बघितलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ती तशीच दिसायला लागली. आपल्या मुलखात चपलेचं, बुटाचं चित्र भिंतीवर कुठं असतं? देवळाच्या पायरीशी. दर्ग्याच्या दाराशी. जन्मभर जे चित्र बघून माणसानं पाय मोकळे केले, तेच चित्र आम्ही दारावर लावलं आणि वर नारळ फोडला. मग दुसरं काय होणार?

साहेब आले. त्यांनी ओळ बघितली. "हे काय देऊळ आहे?"

आतून तात्या म्हणाले, "व्हय की."

साहेब केबिनमध्ये गेले आणि मला म्हणाले, "चित्राखाली मराठीत लिहून घ्या. स्पष्ट." चित्राला भाषा लागत नाही, याची आठवण मी त्यांना दिली नाही. नोकरी नवी होती.

इंदापूरच्या बाजारातला एक पेंटर माझ्या ओळखीचा. ट्रकच्या मागं मोर आणि पुढं देवीचे डोळे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला मी मजकूर दिला, मोठ्या ऐटीत, शुद्ध: 'पादत्राणे वापरणे अनिवार्य आहे'. त्यानं तो असा रंगवला की 'पादत्राणे' हा शब्द मैलभरावरनं दिसावा आणि बाकीचं उरलेल्या जागेत कसंबसं बसावं. मी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी बूट परत ओळीत.

आणि या वेळी बाहेरून दूध घेऊन आलेल्या ड्रायव्हरांच्या चपलाही त्यात होत्या!

'पादत्राणे' हा शब्द आमच्याकडं कुणी बोलतं का? कुणी आईला विचारलंय, "आई, माझी पादत्राणे कुठं गं?" तो शब्द माणसानं आयुष्यात एकाच ठिकाणी वाचलेला असतो: 'पादत्राणे येथे काढावीत'. त्यामुळं पहिला शब्द दिसला की पुढचं वाचायच्या आत पाय आपलं काम करून मोकळे. पेंटरला जाब विचारला तर तो म्हणाला, "सायेब, मलाबी वाटलं तुमी चुकून 'वापरणे' लिवलं. सुधारणार हुतो."

तिसऱ्यांदा मी शहाणा झालो. पादत्राणे खरवडून काढली आणि त्या जागी दोनच शब्द लिहवून घेतले: 'बूट घाला'. सगळ्यांनी घातले.

तात्या सोडून.

"तात्या, बूट."

"बाकीच्यास्नी सांग, शेपटी. आईम्होरं वहाना घालून कोन हुबं ऱ्हातं का?"

मी काणाडोळा केला. म्हातारा माणूस, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. पण यंत्र धुताना एक दिवस नळीचा जोड निसटला. सोडा घातलेलं उकळतं पाणी फरशीवर फसकन पसरलं. तात्यांच्या शेजारचा फिटर त्याच्यात उभा होता. त्याच्या बुटाचं कातडं पांढरं पडलं, पाय शाबूत. ते पाणी वाफाळत पुढं आलं आणि तात्यांच्या उघड्या अंगठ्यापासून वीतभरावर गटाराच्या जाळीत उतरलं. तात्या हलले नाहीत. हात जोडून म्हणाले, "आई, वाचीवलंस." साहेब नेमके दारात होते. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

"दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून अनवाणी माणूस या हॉलमध्ये दिसता कामा नये," ते मला म्हणाले. "तात्यांना गेटवर बसवा. खुर्ची द्या, पंखा द्या. पण यंत्रावर नाही. उद्या त्यांचे पाय गेले तर मी त्यांच्या घरी काय तोंड दाखवू?"

खरं तर यात चूक कुणाची काढणार? मी तात्यांना सांगितलं. त्यांनी यंत्राच्या बाजूला हात टेकला. मग म्हणाले, "गेटावर बसून रिटायर झालो, तर लोक म्हंतील, आईनंच हाकलला. हितनं जाऊ दे मला, बाबा. येवढंच बघ."

'बाबा' म्हणाले हो मला. शेपटीसुद्धा नाही.

आता बघा माझं डोकं. खंडेनवमी आली. सगळी अवजारं धुवून-पुसून मांडली. पाने, हातोडे, स्क्रू ड्रायव्हर, वजनकाटा. त्याच्यात मधोमध मी तात्यांचे कोरे बूट मांडले. एकट्याचेच दिसायला नकोत म्हणून सगळ्यांचे मांडले. प्रत्येक बुटाच्या नाकाडावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आरती झाली. तात्यांनी बुटांना मनापासून नमस्कार केला. मला वाटलं, मासा गळाला लागला!

"तात्या," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पूजा केली ती कशाची?"

"अवजाराची."

"मग आता ही वहाण ऱ्हायली का?"

"छ्या. वहान कसली. अवजार हाय."

"मग घाला!"

तात्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "पूजल्यालं अवजार पायात? शेपटी, तुला काय लाजबीज?"

हॉल हसला. पण खरा तमाशा दुसऱ्या कामाच्या दिवशी. निळ्या पाटीखाली बुटांची ओळ परत हजर! सगळ्यांचे! नाकाडावर कुंकू तसंच. फिटर, ज्याचा पाय त्या बुटानं वाचवला होता, तो म्हणाला, "तुमीच पूजा केली. आता आमी काय तुडवायचं व्हय त्यास्नी?" साहेबांनी ओळ बघितली, झेंडू बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि निघून गेले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

बाकीचे समजुतीनं ऐकतील याची खात्री होती. प्रश्न तात्यांचा. सोमवार तोंडावर होता. रविवारी मी कऱ्हाटीला गेलो.

अंगणात बैल आडवा पाडला होता. पाय दोरीनं बांधलेले, आणि एक नालबंद त्याच्या खुराला नाल ठोकत होता. उसाच्या गाड्यांचा हंगाम सुरू व्हायचा होता. तात्या बैलाच्या डोक्याशी बसून त्याचं कपाळ खाजवत होते. "झालं, राजा, झालं." मला बघून म्हणाले, "आली का शेपटी रानात."

तात्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या. ठसठशीत बाई, पदर खोचलेला. मी सगळं सांगितलं: पाणी, साहेब, सोमवार, गेटवरची खुर्ची. काकूंना यातलं अक्षर माहीत नव्हतं. त्यांनी तात्यांकडं असं बघितलं की बैलसुद्धा हलायचा थांबला.

"त्यो बैल कुनाचा वो?" काकूंनी विचारलं.

"आपला. आसं काय इचारतीस?"

"आत्ता पोळ्याला त्याच्या पायावर डोकं कुनी ठिवलं?"

"मी."

"पुरनपोळी कुनी चारली?"

"मीच की."

"मंग ज्याच्या पायावर डोकं ठिवलं, त्याच्या पायात लोखंड ठोकताना लाज न्हाय वाटत?"

"अगं, त्याला डांबरीवरनं वझं वडायचंय. खूर झिजंल, रगत यील. नाल त्याच्या भल्यासाठनं आसती."

"आन त्यो नाल मारून काळ्या आईत जातो, तवा तिला राग येतो?"

नालबंद हातोडी हवेत धरून बघत राहिला. मी चहाचा घोट तसाच गालात धरला होता.

शेवटी तात्या म्हणाले, "म्हंजी मी बैल व्हय?"

"म्या कुटं म्हनलं?" काकूंनी माझी कपबशी उचलली. "पर म्हनलं आसतं, तर काय खोटं हुतं?"

घोट बाहेर आला तो थेट माझ्या शर्टावर.

सोमवारी मी लवकर गेलो. गेटवर खुर्ची ठेवलेली, वर पंखा लावलेला. साहेबांनी शब्द पाळला होता. मी मशीन हॉलच्या दाराशी उभा राहिलो. थोड्या वेळानं बोळातनं आवाज आला. टाक, टाक, टाक. जड, सावकाश. तात्या! पायात काळेभोर बूट, नाकाडावर पुसट कुंकू. एक पाऊल उचलून टाकताना गुडघा असा वर घेत होते, जशी नव्या नालेची जनावरं पहिल्या दिवशी घेतात.

मागनं कुणीतरी बैलाला घालतात तशी साद घातली, "हाऽऽ, राजा!" सगळी पाळी खदाखदा हसली. तात्या न हसता सरळ यंत्रापुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, "आई, नाल मारून आलोय. रागवू नगं."

आणि बटण दाबलं. यंत्र नेहमीसारखं घुमू लागलं. आईची काही तक्रार दिसली नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडं कुणी 'बूट घातले का' असं विचारलं नाही. "नाल मारली का?" बस्स. हेल्मेटाला शिंगं, हातमोज्यांना खूर अशी सगळी भाषाच बदलायच्या बेतात होती, पण तेवढी टिकली नाही. नाल टिकली. पाळीवर आल्या आल्या तात्या दारात उभे राहून एकेकाचे पाय बघायचे. एकदा साहेब घाईत चपला घालून आले तेव्हा तात्यांनी त्यांनाही अडवलं. "नाल?" साहेब गुपचूप मागं फिरले आणि बूट घालून आले. गेटवरची खुर्ची वॉचमननं घेतली. पंखाही त्यालाच मिळाला.

तात्यांचा शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. कँटीनमध्ये शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. काकू नऊवारी नेसून पहिल्या रांगेत, डोळे कोरडे ठेवायचा कडक बंदोबस्त करून. मग फोटो झाले, पेढे झाले, आणि तात्या एकटेच मशीन हॉलकडं चालू लागले. मी मागनं गेलो. शेपटीच ती.

निळ्या पाटीखाली ते थांबले. वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट भिंतीला टाचा लावून नीट ठेवले, मोजे गुंडाळून आत. त्या पाटीखाली इतक्या दिवसांनी पुन्हा बूट आले.

"आता मी कामगार न्हाय," ते म्हणाले. "पावना हाय. पावन्यानं वहाना भाईर काढायच्या आस्त्यात."

यंत्र बंद होतं, धुऊन झालेलं, फरशी कोरडी. त्यांना काय हवंय ते मला कळलं. त्यांना एकदा पूर्वीसारखं जायचं होतं. भिंतीला एक आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं. मी पाठ फिरवली आणि त्याच्यावरचा मजकूर वाचायला घेतला. सेफ्टी ऑफिसरनं नळकांड्याकडं बघायचंच असतं. वरनं खालपर्यंत वाचलं, खालनं वरपर्यंत वाचलं. मागं पावलांचा आवाज नाही.

वळून बघितलं तर तात्या उंबऱ्याच्या बाहेरच. अनवाणी, हात जोडून, यंत्राकडं बघत.

"जा की, तात्या. मी बघत न्हाय."

त्यांनी मान वर करून भिंतीकडं इशारा केला. निळा गोल, पांढरा बूट, खाली माझ्या पेंटरचे दोन शब्द.

"तू बघत न्हायस रं," तात्या म्हणाले. "पर ती बघतीया की."